दुसऱ्या मजल्याचं प्रेशर

"रविवारी सकाळी दहाच्या आत तुमच्या न्हाणीघरात धो धो पाणी पडेल, वहिनी. हे गंगाधर तळपदेचे शब्द आहेत," असं सांगून गंगाधरराव दुसऱ्या मजल्याचा जिना उतरले तो दिवस गुरुवार होता, आणि प्रेशर पंपाची डबी कुठल्या बाजूनं उघडते हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. पण माहिती ही कामाच्या ओघात मिळणारी वस्तू आहे, आधी लागतो तो निर्धार, असं त्यांचं मत होतं. एका कचेरीत छत्तीस वर्षं टिपण्या लिहून अधीक्षकपदावरून निवृत्त झालेल्या माणसाकडे निर्धाराचा साठा बराच उरलेला असतो. घरात तो खर्च करायला वाव मिळत नाही, एवढीच अडचण.

प्रभादेवीच्या त्या गल्लीत तळपद्यांचं घर म्हणजे तळमजला आणि वर दोन मजले. तळमजल्यावर गंगाधरराव आणि त्यांच्या पत्नी वैशालीताई. पहिल्यावर जुने भाडेकरू परब, माणसं सहा. दुसऱ्यावर आनंदीबाई, म्हणजे गंगाधररावांच्या दिवंगत चुलतभावाच्या पत्नी, वय एक्क्याऐंशी, एकट्या. मागच्या अंगणात विहीर. पिण्याचं पाणी पालिकेचं, बाकी सगळं विहिरीचं. विहिरीजवळ पंप, त्याला जोडलेली निळी प्रेशरची टाकी आणि एक काळी डबी. घरात कोणी नळ उघडला की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि टाकीत पुरेसा दाब झाला की आपोआप थांबायचा. मधलं सगळं त्या काळ्या डबीच्या हातात.

तळमजल्याला पाणी उत्तम येई, पहिल्याला बरं येई, आणि दुसऱ्या मजल्यावर मात्र नळाला करंगळीएवढी धार. एक बादली भरायला चाळीस मिनिटं लागत. आनंदीबाई त्या वेळात एक अध्याय वाचून घेत आणि तक्रार करत नसत. पण मागच्या आठवड्यात घाई होती म्हणून त्या खालून अर्धी बादली घेऊन जिना चढल्या आणि मनगट मुरगळून बसल्या. त्यांचा मुलगा उन्मेष खारघरला एका टॉवरमध्ये राहतो. तो आला, त्यानं मनगटाचं बँडेज पाहिलं, नळाची धार पाहिली आणि सांगितलं, "बस झालं आई. रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेव."

 तो गेल्यावर आनंदीबाई गंगाधररावांना म्हणाल्या, "भावोजी, मला नाही जायचं. साठ वर्षं मी याच खिडकीतून खालचा रस्ता बघतेय. तिकडे बाविसाव्या मजल्यावरून मला कोण ओळखीचं दिसणार?"  वहिनी या घरात आल्या तेव्हा गंगाधरराव शाळेत होते, आणि त्यांची गणिताची नापास झालेली वही पहिल्यांदा वहिनींनीच लपवली होती. म्हणून ते वचन.

वैशालीताईंनी ते ऐकलं आणि भाजी चिरता चिरता विचारलं, "शिवाला बोलावलंत का?"

शिवा हा प्लंबर. तो गल्लीतला सगळ्यात चांगला प्लंबर होता, त्यामुळे तो कधीच गल्लीत नसे. फोनवर मात्र तत्परतेनं भेटला. "साहेब, मी गावाला आहे, भाचीचं लग्न. सोमवारी येतो. एकदमच अर्जंट असेल तर मेन स्विच बंद करायचा, काळी डबी खोलायची, आत दोन स्प्रिंग दिसतील. मोठीचा नट अर्धा फेरा टाइट करायचा. फक्त अर्धा. छोटीला हात नाय लावायचा. काट्यावर चाळीसच्या वर जाऊ नका. आणि साहेब, खरं सांगू, सोमवारपर्यंत थांबा." यातलं शेवटचं वाक्य गंगाधररावांनी टिपून घेतलं नाही.

आता एखादा उथळ माणूस पाना घेऊन थेट विहिरीवर गेला असता. गंगाधरराव टेबलावर बसले. पंप तीन घरांचा, तेव्हा तिघांचं मत घेतल्याशिवाय त्याला हात लावणं म्हणजे अरेरावी. त्यांनी तीन कागदांवर तक्ता आखला. रकाना अ, सध्याचं प्रेशर. रकाना ब, अपेक्षित प्रेशर, शून्य ते शंभर यांपैकी. रकाना क, शेरा. आणि शुक्रवारी सकाळी ते कागद घरोघर पोचवले, म्हणजे एक स्वयंपाकघरात आणि दोन जिन्यावरून.

वैशालीताईंनी लिहिलं, शून्य. शेरा, आत्ताच कढईतलं पाणी भिंतीवर उडतं. पहिल्या मजल्यावर गणपत परबांनी चष्मा लावून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. गणपत हे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, तिथे आता काचेचे मनोरे उभे आहेत, पण त्यांचे हात अजून यंत्र दिसलं की शिवशिवत. त्यांनी कागद परत दिला. "सायबानू, ह्या काय माका समजणा नाय. पण मशिनीचो दोष नाय. पाणी वाटेत खंय अडताहा तां आधी बगा."

हा सल्ला गंगाधररावांनी हसून स्वीकारला आणि बाजूला ठेवला. परबांच्या रकान्यात त्यांनी स्वतःच 'मध्यम, पन्नास' असं लिहिलं. आनंदीबाईंनी लिहिलं होतं, तुम्हाला त्रास होणार नाही इतकं. अशा माणसांची खरी गरज पूर्ण धरावी लागते, हे अनुभवानं माहीत असल्यामुळे तिथे शंभर धरले. शून्य, पन्नास आणि शंभर, सरासरी पन्नास. शिवा चाळीस म्हणाला होता, पण शिवाच्या चाळीसमागे लोकमत कुठे होतं? पन्नास हा आकडा सर्वानुमते आलेला होता. इतक्या न्याय्य पद्धतीनं मुंबईत दुसरा कुठलाही पंप लावला गेला नसेल.

शुक्रवारी अकरा वाजता मेन स्विच बंद करून डबी उघडली गेली. काट्याची अडचण तेव्हा लक्षात आली. दर दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा होते, आणि वैशालीताई हळदकुंकवाचं बोट पंपाच्या काट्याच्या काचेवर बरोबर मध्यभागी ओढतात. पूजलेलं पुसायचं नाही, म्हणून कोणी पुसत नसे. अकरा दसरे झाल्यावर काचेवर वीसपर्यंतचे आकडे दिसत होते आणि त्यापुढे सगळी देवाची मर्जी होती. गंगाधररावांनी हात जोडले आणि पन्नासचा अंदाज मनाशी करून मोठा नट फिरवला. अर्धा फेरा त्यांना क्षुल्लक वाटला. त्यांनी तीन दिले.

स्विच सुरू केल्यावर पंप जो घुमू लागला तो थांबेना. पहिली बातमी स्वयंपाकघरातून आली. वैशालीताई आमटीच्या पातेल्यात पाणी घालायला गेल्या आणि नळानं आमटीच पातेल्याबाहेर घालवली. दुसरी बातमी पहिल्या मजल्यावरून आली. गणपतरावांचा मुलगा हितेंद्र घरूनच काम करत होता, लॅपटॉपवर साहेबांसमोर तिमाहीचे आकडे मांडत होता, आणि त्याच वेळी मागच्या संडासातल्या फ्लशच्या टाकीतला तरंगणारा गोळा उडून छताला लागला. साहेबांनी विचारलं की मुंबईत पाऊस आहे का. हितेंद्रनं हो म्हणून सांगितलं. तो एप्रिल महिना होता.

गंगाधरराव धावत दुसऱ्या मजल्यावर गेले. नळ उघडला. करंगळीएवढी धार.

"जरा वाढली वाटतं," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांना माणसाचं मन मोडवत नसे.

इथे सामान्य माणूस खचला असता. गंगाधररावांना मात्र प्रगती दिसली. खालच्या दोन मजल्यांवर दाब वाढला होता, म्हणजे दिशा बरोबर होती, फक्त वाटप विषम होतं. कचेरीतही असंच असतं, वरचे आदेश खाली लगेच पोचतात, खालचे अर्ज वर पोचायला वेळ लागतो. आता आमटीचं नुकसान कमी करायला दाब थोडा उतरवायला हवा होता. मोठा नट ते वापरून चुकले होते, तेव्हा न्यायानं पाळी छोट्याची होती. छोटीला हात नाय लावायचा हे वाक्य टिपणात स्पष्ट होतं. पण त्यांनी ते 'शक्यतो' या सदराखाली वाचलं.

छोटा नट फिरल्यापासून पंप दर चार सेकंदांनी सुरू होऊन दर चार सेकंदांनी बंद पडू लागला. टक, घूं, टक. टक, घूं, टक. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ही लय साऱ्या गल्लीच्या अंगात भिनली. समोरच्या इमारतीतले अजित सामंत गॅलरीतून म्हणाले, "गंगाधरराव, विहिरीत पाणी संपलं असणार. माझ्या मेव्हण्याकडे अस्संच झालं होतं." शेजारच्या वाण्यानं सांगितलं की पंपाची दिशा आग्नेयेकडे हवी. सकाळी फिरायला जाणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून, न विचारता, पंप कसला ते न पाहता, 'कॅपॅसिटर गेला' असं निदान केलं आणि ते सिद्धिविनायकाकडे निघून गेले. मुंबईत माणसाला वेळ नाही म्हणतात. पंप बिघडवून पाहावा.

सामंतांचा मुद्दा तपासायला हवा होता, म्हणून शनिवारी सकाळी गंगाधररावांनी विहिरीवरचं जाळीचं झाकण काढून आत डोकावून पाहिलं. पाणी भरपूर होतं. झाकण मोठं जड, एकट्यानं परत बसेना. ते मदतीला कोणी मिळतंय का पाहायला दारात गेले, तर दारात पालिकेचे डासवाले उभे. उघडी विहीर म्हणजे डासांचं माहेरघर, त्यामुळे त्या सद्‌गृहस्थांनी विहीर पाहिली, गंगाधररावांना पाहिलं, आणि उभ्या उभ्या नोटीस लिहायला घेतली.

"झाकण आताच काढलं आहे. दहा मिनिटं झाली नाहीत," गंगाधरराव म्हणाले.

"सगळे तेच सांगतात, काका."

"मी सगळे नाही."

"ते पण सगळे सांगतात."

गंगाधररावांनी नोटीस वाचली आणि त्यांचा राग निम्मा झाला. मसुदा चांगला होता. विषय, संदर्भ, मुदत, सगळं जागच्या जागी. आयुष्यभर त्यांनी अशी पत्रं दुसऱ्यांना पाठवली होती आणि ती मिळाल्यावर माणसाला नेमकं काय होतं हे त्यांना आज कळलं. त्यांनी पोचपावतीवर सही केली. मागे पंप टक, घूं, टक करत होता. आणि वर खिडकीत आनंदीबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या, ते मात्र त्यांना बघवलं नाही.

ते सरळ पहिल्या मजल्यावर गेले. गणपतराव चहा पीत होते.

"परब," गंगाधरराव म्हणाले. हे वाक्य त्यांना जड गेलं, पण ते त्यांनी पूर्ण केलं. "माझ्याच्यानं होत नाही. वहिनींना उद्या नेतील हो."

गणपतरावांनी चहा तसाच ठेवला. "चला," एवढंच म्हणाले.

त्यांनी आधी झाकणाचं एक टोक धरलं आणि दोघांनी मिळून विहीर बंद केली. मग ओल्या फडक्यानं काट्याची काच पुसली. पुसण्याआधी तिला नमस्कार केला, आणि वैशालीताईंचं त्यावर काही म्हणणं उरलं नाही. स्विच बंद करून टाकीतलं सगळं पाणी सोडून दिलं. नातवाच्या सायकलचा पंप आणून टाकीच्या पोटात हवा भरली, बोटानं टाकी वाजवून पाहिली, पुन्हा भरली. दोन्ही नट मागे घेऊन पुन्हा हळूहळू बसवले, दर पाव फेऱ्याला काट्याकडे बघत. तासाभरात पंप वीसवर सुरू होऊन चाळीसवर थांबू लागला, मधे चांगली दीड मिनिटं शांतता. गल्लीतल्या लोकांना चुकल्यासारखं झालं.

गंगाधरराव जिना चढून वर जाऊन आले. उतरले तेव्हा चेहऱ्यावरूनच कळत होतं. "करंगळी," ते म्हणाले.

"तां माका ठावक असा," गणपतराव म्हणाले. "मशीन आता बरी. पाणी वाटेत अडताहा. सकाळी वर येतंय, पायपाची वाट बगूया."

रविवारी साडेनऊला गणपतराव दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात गुडघ्यावर बसून पाइपवर कान लावत होते, गंगाधरराव मागे पक्कड धरून उभे होते, आणि त्याच वेळी उन्मेष आला. दारात आईची भरलेली बॅग होती. त्यानं ती उचलून पाहिली, मग न्हाणीघरात डोकावला.

"काका, पाणी?"

"येतंय," गंगाधरराव म्हणाले.

"हो बगा," गणपतराव दाराच्या मागून म्हणाले. "वाल. बंद करून ठेवलेलो."

दार नेहमी भिंतीला टेकलेलं असायचं, त्यामागे काय आहे हे कोणी पाहत नसे. तिथे पाइपावर लाल चाकाचा एक व्हॉल्व्ह होता. चाकाला कचेरीतल्या फायलींना असते तशी पांढरी-लाल नाडी बांधलेली होती, आणि नाडीला प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड. कार्डावर धूळ नव्हती. ते कोणीतरी नेमानं पुसत होतं. उन्मेष आत येईपर्यंत आनंदीबाई पुढे झाल्या, मुरगळलेल्या हातानं त्यांनी ती नाडी ओढून काढली आणि कार्ड कमरेला खोचलं. वयाच्या मानानं हे फारच चपळाईनं झालं. पण गंगाधररावांना त्या कार्डावरचा एक ठ दिसला होता. असा ठ लिहिणारा माणूस मुंबईत एकच होता.

त्यांना सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा, आदल्या पावसानं दगा दिला होता, विहिरीचा तळ दिसत होता. तळमजल्यावर तिन्ही घरांची सभा झाली, पोहे झाले, आणि ठराव झाला: वरच्या मजल्यावर माणूस एकच, तेव्हा तिथला व्हॉल्व्ह पाऊण बंद ठेवावा. पुढच्या वर्षी पाऊस धो धो पडला, विहीर काठोकाठ भरली, आणि पाण्याची चणचणच नसल्यामुळे सभा घ्यायला कोणाला काही कारण उरलं नाही. पाऊण बंद व्हॉल्व्हच्या उरलेल्या फटीत मग वर्षावर्षाचा गाळ बसत गेला.

"कोणी बंद केला हा?" उन्मेषनं विचारलं.

 आनंदीबाई म्हणाल्या, "मीच केला असेल. आठवत नाही आता."

उन्मेष स्टुलावर बसला. त्याच्या आवाजातला राग गेला होता आणि जे उरलं होतं ते रागापेक्षा वाईट होतं. "आई, मी हेच म्हणतोय गं. नळ बंद केलेला आठवत नाही तुला. उद्या गॅस चालू राहील. मी तिकडे झोपू शकत नाही तुझ्या काळजीनं. चल आता."

छत्तीस वर्षांत गंगाधररावांच्या फायलीवर ठपका नव्हता. आत्ताही नसता. एका बाईनं तो हौसेनं स्वतःवर घेतला होता, आणि गप्प राहिलं की काम झालं होतं. 

"वहिनी, कमरेचं कार्ड द्या."

"कसलं कार्ड, भावोजी?"

"द्या."

त्यांनी ते घेतलं, चष्मा लावला, आणि सभेत वाचतात तसं उभं राहून वाचलं. "ठराव क्रमांक सात. विहिरीची पातळी खालावल्यामुळे दुसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह पुढील ठराव होईपर्यंत पाऊण बंद ठेवण्यात यावा. सर्वानुमते मंजूर. लेखन, गंगाधर तळपदे." कार्ड खाली घेतलं. "तुझ्या आईला सगळं आठवतं, उन्मेष. विसरलो मी. पुढचा ठराव मी मांडलाच नाही."

उन्मेषनं कार्डावरची तारीख पाहिली. "नऊ वर्षं, काका?"

"नऊ वर्षं आणि अकरा महिने."

उन्मेष आईकडे वळला. "आणि तू बोलली का नाहीस?"

"मी सही केली होती ना त्यावर," आनंदीबाई म्हणाल्या. "म्हटलं, होईल पुढचा ठराव. ते इतक्या मनापासून करतात सगळं. त्यात आपण मधे कशाला बोला. शिवाय बादली भरेपर्यंत माझं वाचन होत होतं."

गणपतरावांनी चाकावर पक्कड लावली आणि मान वळवून विचारलं, "उघडू काय आता? की तेकाय ठराव होयो?"

"हवा," गंगाधरराव म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. खिशातून पेन काढून त्यांनी कार्ड पालथं केलं, भिंतीला टेकवलं आणि लिहायला सुरुवात केली. ठराव क्रमांक आठ. दुसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवण्यात यावा. उन्मेषला हसू यायला नको होतं, पण आलं, आणि एकदा आल्यावर आवरेना.

"या वेळी मुदत घाला, भावोजी," आनंदीबाई म्हणाल्या. "मागच्यात नव्हती, म्हणून घोटाळा झाला."

"बरोबर. किती घालू?"

"मी या घरात आहे तोवर."

पेन थांबलं. उन्मेषचं हसू थांबलं. आनंदीबाई मुलाकडे बघत नव्हत्या, कार्डाकडे बघत होत्या, आणि त्यांचा मुरगळलेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला होता. गंगाधररावांनी ती ओळ लिहिली. सूचक म्हणून स्वतःची सही केली. अनुमोदकाची जागा रिकामी ठेवली आणि कार्ड उन्मेषपुढे धरलं.

त्यानं बराच वेळ ते वाचलं. दोनच ओळी होत्या. मग पेन घेतलं, सही केली, बाहेर जाऊन दारातली बॅग उचलली आणि पलंगाखाली सरकवून आला. "दर रविवारी येऊन बघणार मी हा नळ," तो म्हणाला. "आणि बादली उचलायची नाही."

गणपतरावांनी चाक फिरवलं. गाळानं धरलेला व्हॉल्व्ह करकरला, अडला, सुटला. पाइप खाकरला, वर उघड्याच राहिलेल्या शॉवरमधून आधी तांबडं पाणी आलं, मग पांढरं, आणि मग जे आलं ते थेट खाली उभ्या असलेल्या गंगाधररावांच्या डोक्यावर आलं. चष्मा वाहून गेला, सदरा अंगाला चिकटला. ते हलले नाहीत. कार्ड त्यांनी हात उंच करून कोरडं ठेवलं होतं.

आनंदीबाईंनी धारेखाली तळहात धरला. थोडा वेळ नुसता धरून ठेवला.

"आता सगळे बाहेर व्हा बघू," त्या म्हणाल्या. "मला केस धुवायचेत."